लुक हवा की हवा?

बाल्कनीतला एसीचा डबा डोळ्यांना खुपतो म्हणून त्याला देखणं कपाट करून घ्यायचं, हे आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. पण त्या कपाटाला दार कुठलं लावायचं? यवतमाळच्या एका मे महिन्यानं शिकवलेले हे धडे...

२०२२चा मे महिना. दुपारचे अडीच. यवतमाळातलं आमचं घर. मी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलेय. ऑफिस पुण्यात, क्लायंट त्याहून लांब, आणि मी आईच्या हातची कैरीची डाळ खात 'हायब्रिड' मोडमध्ये! बाहेर पारा ४३ अंशांवर, आत एसी २४ वर. लाइफ एकदम सेट!

आणि नेमकं प्रेझेंटेशनच्या मध्यावर एसीनं मान टाकली. पंखा फिरतोय, पण हवा गरम. दहा मिनिटांनी डिस्प्लेवर एक एरर कोड. बंद करून चालू केला, वीस मिनिटं चालला, पुन्हा तेच. नवा कोरा इन्व्हर्टर एसी, दीड टनाचा. कंपनीला शिव्या घालून झाल्या, व्होल्टेजला घालून झाल्या. खरा गुन्हेगार मात्र बाल्कनीत ऐटीत उभा होता. माझ्याच डोक्यातून निघालेला आणि माझ्याच पैशानं बनलेला. एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी केलेलं, अक्रोडी रंगाच्या सनमायक्याचं, घट्ट दाराचं, दिसायला अगदी मासिकातल्या फोटोसारखं कपाट!

कूलरवाल्या घरात एसी येतो तेव्हा...

विदर्भातल्या माणसाला थंडावा म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. वाळ्याचे पडदे, त्यावर पाणी मारणं, मग लोखंडी पत्र्याचा तो अगडबंब कूलर. होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरवायचा, ताट्या बदलायच्या, पंपाला तेलपाणी करायचं आणि खिडकीत बसवायचा. हा आमच्याकडे सणच असतो म्हणा ना!

कूलरचं सायन्स साधं. गरम, कोरडी हवा ओल्या ताटीतून जाते, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या ताटीतून २७-२८ अंशांची हवा मिळते. फुकटात म्हणावं इतक्या कमी विजेत! पण एक अट असते. कूलर सतत बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून ती हवा बाहेर पडायलाही वाट लागते. दार-खिडक्या बंद केल्या की खोली दमट होते, चिकचिक होते आणि कूलर निव्वळ आवाज करतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक घरात उन्हाळाभर एक वाक्य ऐकू येतं, 'अगं, समोरचं दार थोडं उघडं ठेव!'

एसीचं नेमकं उलटं. तो खोलीतलीच हवा फिरवतो. तिच्यातली उष्णता उचलतो आणि तांब्याच्या नळ्यांमधून बाहेरच्या डब्याकडे पाठवतो. इथे दार उघडं राहिलं की बिल वाढलंच. मग वाक्य बदलतं, 'अगं, दार लाव ना!'

आणि गंमत अशी की एसीच्या बाहेरच्या डब्याला पुन्हा कूलरचाच नियम लागू होतो. त्याला भरपूर हवा आत यायला हवी आणि भरपूर बाहेर जायला हवी. म्हणजे घरात दोन दारं आणि दोन उलटे नियम. खोलीचं दार नीट बंद होणारं हवं आणि कपाटाचं दार नीट उघडं असणारं! मी दोन्हीकडे चुकले होते. खोलीच्या दाराखाली बोटभर फट आणि कपाटाचं दार मात्र तिजोरीसारखं!

'मग कूलरच बरा होता की,' असं आई म्हणालीच. पण कूलरला पाणी लागतं. मोठ्या कूलरची टाकी ऐन उन्हाळ्यात रोज भरावीच लागते. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ गाठला तेव्हा यवतमाळकर टँकरच्या रांगेत उभे होते. ते दिवस ज्यांनी काढलेत, त्यांना कूलरमध्ये बादली ओतताना आजही हात जरा आखडतो. त्यात जुलैची दमट हवा आली की कूलर तसाही हात टेकतो. तेव्हा एसी आला तो काही नुसत्या चैनीसाठी नाही. आलाच आहे, तर त्याला नीट श्वास घेऊ द्यायला हवा.

कपाटात सहा-सात इस्त्र्या!

थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे.

एसीचा 'टन' म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तो वेग म्हणजे एक टन. तो साधारण साडेतीन किलोवॅट भरतो. म्हणजे दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालतो तेव्हा खोलीतून सुमारे पाच किलोवॅट उष्णता उचलतो. वर स्वतः दीडेक किलोवॅट वीज खातो, तिचीही शेवटी उष्णताच होते. सगळं मिळून साडेसहा किलोवॅट बाहेरच्या डब्यातून फेकले जातात.

आपली घरगुती इस्त्री साधारण एक किलोवॅटची असते. म्हणजे एका बंद कपाटात सहा-सात इस्त्र्या चालू ठेवायच्या, दार लावायचं आणि वर म्हणायचं, 'हा एसी गार का करत नाही?' मी नेमकं हेच करत होते!

एवढी उष्णता वाहून न्यायला, हवा फार तर दहा अंशांनी तापू द्यायची म्हटलं, तरी दर सेकंदाला जवळपास अर्धा घनमीटर हवा लागते. ती मिळाली नाही, की डब्यानं बाहेर फेकलेली गरम हवाच तो पुन्हा मागून आत ओढतो. ती आणखी तापते, पुन्हा आत येते. चक्र सुरू! आपल्याकडे खोलीच्या एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश तापमान धरून. यवतमाळचा मे त्याच्या आधीच आठ-नऊ अंश पुढे असतो. बाबांनी कपाटात, डब्याच्या मागच्या बाजूला थर्मामीटर लटकवला. वीस मिनिटांत ५८ अंश! कॉम्प्रेसरनं स्वतःला वाचवण्यासाठी बंद व्हायचं नाही तर काय करायचं?

हा प्रयोग तुम्हीही करू शकता. सावलीतलं बाहेरचं तापमान घ्या. मग एसी वीस-पंचवीस मिनिटं चालवून, कपाटाचं दार नेहमीसारखं लावून, डब्याच्या मागे हवा आत शिरते तिथलं तापमान घ्या. दोन्हींत दोन-तीन अंशांचा फरक असेल तर चालतंय. सात-आठ असेल तर दार बदलायची वेळ झाली. दहाच्या वर असेल तर दार आजच काढा, लुकचं नंतर बघू.

कठड्यावरचा पोरगा

एवढ्यावरच गोष्ट थांबली असती, तर हा लेख मी लिहिला नसता. एसी बंद पडला म्हणून सर्व्हिसचा मुलगा आला. विशीतला असेल. आयटीआय करून नुकताच कामाला लागलेला, पाठीवर सॅक, हातात गेज. कपाट बघून तो जरासा हसला. 'मॅडम, दार पूर्ण उघडत नाही का?'

नव्हतंच उघडत. दाराच्या वाटेत वॉशिंग मशीन होतं. ते घेताना मी मापं घेतली होती, पण मशीनची. कपाटाचं दार जेमतेम फूटभर उघडायचं. आणि ज्या बाजूला गॅसच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह असतात, ती डब्याची बाजू नेमकी बाल्कनीच्या कठड्याकडे होती. दारातून हात तिथवर पोचेना.

मी पाणी आणायला आत गेले. परत आले तर हा एक पाय कठड्यावर, दुसरा हवेत, एका हातानं कपाटाची फळी धरलेली आणि दुसऱ्या हातात पाना! खाली बारा-तेरा फुटांवर फरशी. फळी तरी कसली? सनमायका लावलेलं प्लाय, चार स्क्रूवर उभं असलेलं.

बाबा ओरडले नाहीत. ते शिक्षक होते, कठड्यावर चढलेल्या पोरावर ओरडायचं नसतं हे त्यांना माहीत. शांतपणे पुढे झाले, त्याचा पट्टा मागून घट्ट धरला आणि म्हणाले, 'उतर बेटा आधी. एसी गेला खड्ड्यात.'

तो उतरला. खजील होऊन म्हणाला, 'काका, रोजचंच आहे हे. बिल्डिंगमध्ये तर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरपण असंच करावं लागतं.'

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती उकाड्यामुळे नव्हे. मी एक दार निवडलं होतं. रंग बघून, हँडल बघून, फोटोत कसं दिसेल ते बघून. ते दार उघडल्यावर आत कोण हात घालणार आहे, हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. आपला एसी वर्षातून एक-दोनदा तरी कुणीतरी उघडणार असतो. तो माणूस आपल्या घरच्या जमिनीवर दोन्ही पाय टेकून काम करू शकतो का, हा दार निवडतानाचा पहिला प्रश्न हवा. रंग, हँडल, सनमायका... सगळं त्यानंतर!

सुतारकाकांचं कोर्ट

दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. आमच्या जुन्या घराच्या चौकटी त्यांच्याच हातच्या. त्यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली, दारावर बोटानं टकटक केलं आणि निकाल दिला.

'ताई, हे दार हाय का भित हाय? त्याले दम लागून रायला ना! तुमाले डबा लपवाचा हाय का घर थंड कराचं हाय, एक सांगा.'

मी म्हटलं, 'दोन्ही.'

'मंग लपवू नका, झाका. झाकलं तं हवा जाते.'

लपवणं आणि झाकणं यातला फरक मला तेव्हा कळला! मग चहा घेत घेत काकांनी दारांची शाळाच घेतली. त्यात मी नंतर वाचून, विचारून घातलेली भर मिळून हा सगळा हिशेब...

साधं फ्लश डोअर किंवा प्लायचं दार कपाटातल्या डब्यासाठी बाद. सपाट, भरीव, हवा शून्य. त्यात बाल्कनीतला पाऊस आणि ऊन खाऊन साधं प्लाय सुटतंच. खोलीच्या दारासाठी मात्र हेच फ्लश डोअर उत्तम, कारण तिथे आपल्याला हवा अडवायचीच आहे.

पीव्हीसीचं दार स्वस्त, हलकं, पाण्याला न भिणारं. बाथरूमला ठीक. पण गरम हवेच्या झोतासमोर आणि पश्चिमेच्या उन्हात ते वाकतं.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांचं मिश्रण. वाळवी लागत नाही (आमच्याकडे तिला उधई म्हणतात), पाणी पीत नाही. चौकटीसाठी झकास. पण त्याच्या पातळ पट्ट्या उन्हात झुकतात, तेव्हा झडपांसाठी जपून वापरावं.

अ‍ॅल्युमिनियमची झडपांची दारं वजनाला हलकी, गंजत नाहीत, पट्टी पातळ म्हणून मोकळी जागा जास्त. दिसायला थोडी ऑफिसछाप, पण पावडर कोटिंगमध्ये आता हवा तो रंग मिळतो. कामाच्या दृष्टीनं पहिला नंबर.

लोखंडी ग्रिल सर्वांत मोकळी, सर्वांत दणकट. दरवर्षी रंगाचा एक हात मात्र द्यायला हवा.

आणि सागवान! यवतमाळ जिल्ह्यात राहून सागवान नाही म्हणायचं? पांढरकवड्याकडे, टिपेश्वर अभयारण्याच्या रस्त्यानं गेलात तर दोन्ही बाजूंना सागच साग. लाकडाच्या बाजारात आजही 'सीपी टीक' नावाचा माल विचारला जातो. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत. प्रांत जाऊन किती वर्षं झाली, पण लाकडाला नाव चिकटून राहिलंय! सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो पाण्याला आणि उधईला दाद देत नाही, आणि ऊन-पावसात फार फुगत-आकसत नाही. म्हणून झडपांच्या दाराला लाकूडच हवं असेल, तर साग. फक्त घेताना पक्कं बिल आणि वनखात्याचा वाहतूक पास असलेलाच माल घ्या. 'ओळखीतून स्वस्तात' मिळणाऱ्या सागाची किंमत जंगल मोजत असतं.

पण सागाच्या झडपांत एक गोम आहे, आणि ती मला सातासमुद्रापारच्या एका कपाटानं सांगितली.

टेक्सासमधलं कपाट

माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो. त्याच्या अपार्टमेंटमध्ये हॉललगतच एक खरंखुरं एसीचं कपाट आहे. आत सगळ्या घराला हवा पुरवणारं यंत्र, आणि त्याला झडपांचं दार. व्हिडिओ कॉलवर माझी रडकथा ऐकून तो म्हणाला, 'आमच्याकडे तर या दाराचे नियम आहेत!'

नियम खरंच आहेत. तिकडे अनेक घरांत त्याच कपाटात हिवाळ्यासाठी गॅसची भट्टी असते. ज्योत पेटायला ऑक्सिजन लागतो. कपाट हवाबंद असेल तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ना रंग, ना वास. माणूस झोपेतच जातो. म्हणून अमेरिकेतली गॅसची नियमावली सांगते की, अशा कपाटाला एक झरोका वर आणि एक खाली हवा. घरातलीच हवा घ्यायची असेल, तर भट्टीच्या दर १००० बीटीयूमागे प्रत्येक झरोका एक चौरस इंच मोकळा हवा, आणि कमीत कमी १०० चौरस इंच.

याच नियमावलीत तो मुद्दा आहे. झडपांमधून नेमकी किती जागा मोकळी आहे हे माहीत नसेल, तर धातूच्या झडपांची ७५ टक्के जागा मोकळी धरायची आणि लाकडी झडपांची फक्त २५ टक्के! कारण लाकडाची पट्टी जाड आणि एकमेकीवर चढलेली. म्हणजे १२ चौरस फुटांचं सुंदर सागवानी दार हवेच्या हिशेबात फक्त ३ चौरस फुटांचं. तेच धातूचं असेल तर ९ चौरस फुटांचं!

आपल्याकडे भट्ट्या नाहीत, पण गॅस गीझर आहेत. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरनं दर हिवाळ्यात माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. कारण तेच, ज्योत आहे आणि हवेला वाट नाही. तेव्हा जागा वाचवायला एसीच्या कपाटातच गॅस गीझर किंवा सिलिंडर कोंबायचा विचार मनात आला असेल, तर तो तिथेच सोडा. शिवाय नव्या एसीत असतात ते आर-३२ आणि आर-२९० हे वायू कमी-अधिक ज्वलनशील आहेत आणि हवेपेक्षा जड. गळती झालीच तर ते तळाशी साठतात. म्हणून कपाटाचं दार कुठलंही असो, खालची चार-पाच बोटं जागा मोकळीच हवी.

मग आम्ही काय केलं?

आधी डबाच उलटा फिरवला. पूर्वी पंखा दाराकडे तोंड करून होता, म्हणजे गरम हवा दारावर आपटून परत फिरत होती. आता तो कठड्याच्या वर येईल अशा लोखंडी स्टँडवर ठेवला आणि तोंड बाहेरच्या दिशेला केलं. तिकडचं प्लाय काढून मोकळी ग्रिल लावली. डबा फिरल्यामुळे नळ्यांची बाजू आपोआप घराच्या भिंतीकडे आली, आणि तिथे हात जाईल अशी फूटभर जागा ठेवली. मागे वीतभर. नेमकं अंतर प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते वाचा!

बाल्कनीच्या बाजूला काकांनी सागाचं झडपांचं दार केलं. नेहमीच्या जाड पट्ट्या न वापरता अर्ध्या इंचाच्या पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांमध्ये दीड इंच मोकळं. तिरकस कमी, जवळपास आडव्या. या दारातून हवा आत येते आणि समोरच्या ग्रिलमधून बाहेर जाते. एकेरी वाहतूक! वॉशिंग मशीन दुसऱ्या कोपऱ्यात गेलं आणि दार आता पूर्ण उघडतं. सर्व्हिसवाला माणूस बाल्कनीच्या फरशीवर उभा राहून सगळं करू शकतो.

मला अजून बारीक जाळी लावायची होती, कबुतरांसाठी. बाबांनी हाणून पाडलं. 'हंगामात हवेत काय उडतं, विसरलीस का?' खरंच! कापसाचा जिल्हा हा. जिनिंग सुरू झालं की तंतू उडतात आणि बारीक जाळी आठवड्यात गोधडी होते. वणीकडे राहणाऱ्यांना हाच त्रास कोळशाच्या धुळीचा. तेव्हा जाळी लावायचीच तर कबुतर अडेल एवढीच मोठी, आणि महिन्याला ब्रश फिरवायचा.

खोलीच्या दाराला खालून ब्रशची पट्टी आणि चौकटीला रबर लावलं. दोन तासांचं काम, पण फरक लगेच जाणवला. फक्त एक पथ्य. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही. म्हणून दार घट्ट झालं की दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, दहा मिनिटं खिडक्या उघडायच्या. बंद खोलीत चार तास कॉल घेतल्यावर येणारी ती पेंग कामाच्या कंटाळ्याची असतेच असं नाही, बॉस!

दार घेण्यापूर्वी... एक झटपट चेकलिस्ट

• कपाट खरंच हवंय का? बाहेरचा डबा ऊन-पावसात उभं राहण्यासाठीच बनवलेला असतो. वर छोटंसं छप्पर पुरतं. शोभेची हौस असेल तरच कपाट.

• पंख्यासमोर दार नकोच. ग्रिल किंवा मोकळी जागा. दार मागच्या किंवा बाजूच्या अंगाला.

• हवा येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी. एकाच दारातून दोन्ही होणार असेल, तर ती गरम हवाच फिरत राहणार.

• पट्ट्या पातळ, आडव्या, विरळ. उलट्या 'व्ही'सारख्या, आरपार काहीच न दिसणाऱ्या झडपा इथे नकोत. समोर उभं राहून आतला डबा दिसला पाहिजे.

• दार पूर्ण उघडतं की नाही, हे वॉशिंग मशीन, कुंड्या आणि झोपाळा जागेवर ठेवून तपासा.

• कुलूप नको, साधी कडी बस. एसीचा वेगळा स्विच कपाटाबाहेर, हात पोचेल असा. अर्थिंग आणि गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. ओल्या बाल्कनीत आणि कूलरजवळही!

• आत झाडू, रद्दी, रंगाचे डबे ठेवायचे नाहीत. हो, मलाही मोह होतो.

• सर्व्हिसवाल्याला कठड्यावर चढावं लागत असेल, तर दार, जागा किंवा डबा यांतलं काहीतरी चुकलंय. त्याला चढू देऊ नका.

होळी ते दिवाळी

काकांनी शेवटी एक युक्ती केली. दाराला उचलून काढता येणाऱ्या बिजागऱ्या लावल्या. 'ऐन उन्हाळ्यात पल्लाच काढून ठेवाचा ताई. पाहुने आले तं लावाचा!'

आता आमच्याकडे नवा रिवाज पडलाय. होळी झाली की बाबा माळ्यावरून कूलर उतरवतात, कारण एप्रिलभर तोच चालतो, आणि त्याच दिवशी एसीच्या कपाटाचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवतात. दिवाळीच्या साफसफाईत दार पुसून, तेलाचा हात देऊन परत जागेवर. म्हणजे ज्या दारासाठी एवढा आटापिटा केला, ते मे महिन्यात जागेवर नसतंच!

नव्या रचनेनंतर पहिल्याच उन्हाळ्यात बाबांनी पुन्हा थर्मामीटर लटकवला. बाहेर ४३, डब्यामागे ४५. एसी दिवसभर न थकता चालला आणि माझं प्रेझेंटेशनही.

त्या एप्रिलमध्ये तोच मुलगा सर्व्हिसिंगला आला होता. बाल्कनीत उभा राहून त्यानं अर्ध्या तासात काम उरकलं, पन्हं प्यायला आणि निघताना भिंतीला टेकवलेल्या दारावरून हात फिरवत म्हणाला, 'मॅडम, दार मस्त झालं.'

त्याआधी कुणी कुणी दाराचं कौतुक केलं होतं, फोटोही काढून झाले होते. पण खरं सांगू? ही कॉम्प्लिमेंट सगळ्यात भारी होती!